कानातले आवाज आणि दोन मिलीअँपिअर

कोल्हापूर जिल्ह्यात वीस-बावीस वर्षांच्या पोराला आवाज ऐकू यायला लागले, की घरच्यांचा संशय ठरलेल्या क्रमाने फिरतो. आधी मोबाईल, मग संगत, मग गांजा, मग भाऊबंदकीतल्या कुणीतरी केलेली करणी. पोरगा कॉलेज सोडतो, रात्री जागतो, खोलीचं दार लावून कुणाशी तरी पुटपुटतो. विचारलं तर म्हणतो, "ते लोक माझ्याबद्दल बोलत्यात." कोण लोक, ते सांगत नाही. मग देवरशी होतो, उतारा होतो, नृसिंहवाडीची किंवा गाणगापूरची वारी होते. मनोविकारतज्ज्ञाचं नाव निघतं ते बहुधा पोराने कुणावर तरी हात उगारल्यावर किंवा स्वतःला इजा करून घेतल्यावर. तोवर काही महिने, कधी वर्षंही गेलेली असतात.

हे पुस्तक त्या गेलेल्या महिन्यांबद्दल आहे आणि एका नव्या उपचाराबद्दलही. कवटी न उघडता, भूल न देता, बाहेरून अतिशय सौम्य वीज किंवा चुंबकीय स्पंदनं देऊन मेंदूच्या ठरावीक भागाचं काम बदलता येतं, आणि त्यामुळे काही रुग्णांचे आवाज कमी होतात, असं गेल्या पंचवीस वर्षांतल्या संशोधनातून दिसलं आहे. या उपचाराबद्दल आपल्याकडे दोन टोकांची मतं आहेत. एकाला वाटतं, हा शॉकच, फक्त नाव बदललेला. दुसऱ्याला वाटतं, मशीन आलंय, आता गोळ्यांची कटकट संपली. दोन्ही चुकीची आहेत. या यंत्राला उपचारांच्या रांगेत एक नेमकी जागा आहे. ती पहिली नाही आणि शेवटचीही नाही. ती कुठे आहे हे सांगणं, एवढंच या प्रस्तावनेचं काम.

सुरुवात आवाजांपासून करू. सायकोसिसमधले आवाज म्हणजे मनातले विचार नव्हेत. रुग्णाला ते ऐकू येतात, शेजारच्या खोलीतून माणूस बोलावं तसे. कधी ते त्याच्या प्रत्येक हालचालीवर शेरे मारतात, कधी दोघं-तिघं मिळून त्याच्याबद्दल आपसांत बोलतात, कधी हुकूम सोडतात. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ टान्या लुहरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातलं सॅन मॅटिओ, घानातलं अक्रा आणि आपलं चेन्नई इथल्या प्रत्येकी वीस रुग्णांना त्यांच्या आवाजांविषयी विचारलं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अमेरिकन रुग्णांचे आवाज बहुतांशी हिंसक आणि परके निघाले. चेन्नईतल्या अनेकांना मात्र नातेवाइकांचे आवाज ऐकू येत होते, आणि ते घरातली कामं कर, नीट राहा, असंही बजावत होते. आजार मेंदूत असला तरी आवाजाला चेहरा मिळतो तो घरातला आणि गावातला. म्हणून कागल किंवा गडहिंग्लजच्या रुग्णाला मेलेल्या आजोबांचा, चुलत्याचा किंवा देवीचा आवाज ऐकू आला तर त्यात नवल नाही. त्यावरून तो आवाज खरोखर आजोबांचा किंवा देवीचा ठरत नाही, आणि पोरगा नाटक करतोय असंही ठरत नाही. शिवाय आवाज ऐकणारा प्रत्येक माणूस आजारी नसतो. जोडीदार गेल्यावर काही दिवस त्याची हाक ऐकू येणं ही दुःखातली सर्वसाधारण गोष्ट आहे. आवाज वरचेवर येऊ लागले, त्यांच्यामुळे झोप, शिक्षण, काम बिघडू लागलं आणि आपल्याविरुद्ध काही शिजतंय अशी खात्री त्यांना चिकटली, की मग तो उपचाराचा विषय होतो.

हे आवाज येतात कुठून? आपल्याला स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत, या साध्या अनुभवापासून उत्तराकडे जाता येतं. हात हलवण्याचा हुकूम देतानाच मेंदू त्या हुकमाची एक नक्कल संवेदनांच्या केंद्रांकडे पाठवतो : हा स्पर्श आपलाच आहे, दखल घेऊ नका. २००० साली लंडनमध्ये झालेल्या एका प्रयोगात असं दिसलं, की आवाज ऐकणाऱ्या रुग्णांना स्वतःचा स्पर्श आणि दुसऱ्याचा स्पर्श जवळजवळ सारखाच जाणवतो. बोलण्याचंही असंच घडत असावं, असा एक प्रबळ सिद्धान्त आहे. आपण मनातल्या मनात सतत बोलत असतो. ते बोलणं जुळवणारी केंद्रं मेंदूच्या पुढच्या भागात आहेत, ऐकलेलं समजून घेणारी केंद्रं डाव्या कानाच्या वर आणि थोडी मागे. पुढून मागे जाणारी 'हे माझंच आहे' ही खूण पोचली नाही, तर आपलंच बोलणं परक्याचं म्हणून ऐकू येतं. १९९३ साली लंडनमधल्याच संशोधकांनी आवाज ऐकू येत असताना रुग्णांच्या मेंदूतला रक्तप्रवाह मोजला. तो वाढला होता ब्रोकाच्या भागात, म्हणजे बोलणं घडवणाऱ्या केंद्रात. सिद्धान्त अजून पुरा झालेला नाही. आवाज इतके तिरस्काराने का बोलतात, हे त्यातून समजत नाही. पण उपचाराचा नेम कुठे धरायचा, याचा नकाशा त्यातूनच मिळाला.

शरीराला वीज लावून दुखणं घालवण्याची हौस मात्र फार जुनी. पहिल्या शतकातला रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस डोकेदुखीवर विजेचा झटका देणारा जिवंत मासा कपाळाला लावायला सांगत असे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गॅल्व्हानीचा भाचा जोव्हान्नी आल्दिनी याने उदासीनतेच्या रुग्णांच्या डोक्याला बॅटरीची वीज लावून पाहिली, आणि त्याआधी स्वतःच्याही. या हौसेला शास्त्राची शिस्त लागली ती बरीच उशिरा. इंग्लंडमधल्या शेफिल्ड इथे १९८५ साली अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्यावर तारेचं वेटोळं धरून चुंबकीय स्पंदन दिलं आणि माणसाचा हात आपोआप हलला. तत्त्व फॅरेडेचं, १८३१ सालचं : बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून वीज निर्माण होते. चुंबकीय क्षेत्र कवटीतून विनासायास आत जातं आणि कवटीखाली दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतच्या पेशींना चेतवतं. या पद्धतीला टीएमएस म्हणतात. दुसरी पद्धत टीडीसीएस. तिच्यात दोन ओलसर इलेक्ट्रोड डोक्याला लावून एक-दोन मिलीअँपिअरचा एकदिश प्रवाह सोडतात. जर्मनीतल्या ग्योटिंगेनचे नित्शे आणि पाउलुस यांनी २००० साली दाखवून दिलं, की एवढ्याशा प्रवाहानेही मेंदूच्या त्या भागाची उत्तेजनक्षमता वाढते किंवा घटते, आणि प्रवाह थांबल्यावरही परिणाम काही मिनिटं टिकतो.

आवाजांवर पहिला नेम धरला तो येल विद्यापीठातल्या राल्फ हॉफमन यांनी. डाव्या कानामागच्या भागावर सेकंदाला एक या संथ गतीने चुंबकीय स्पंदनं दिली तर तिथली अतिउत्तेजना शमेल, असा त्यांचा तर्क होता. १९९९ साली त्यांनी तीन रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि पुढच्या वर्षी बारा जणांचे. आवाज कमी झाले होते. पुढे २०१२ मध्ये फ्रान्समधल्या लिआँ इथले जेरोम ब्रुनलां यांनी तीस रुग्णांवर टीडीसीएस वापरलं. धन इलेक्ट्रोड कपाळाच्या वर डावीकडे, ऋण इलेक्ट्रोड डाव्या कानाच्या वर मागे. दोन मिलीअँपिअर, वीस मिनिटं, दिवसातून दोनदा, असे पाच दिवस. आवाजांची तीव्रता सरासरी ३१ टक्क्यांनी उतरली आणि हा फरक तीन महिन्यांनंतरही दिसत होता. औषधं सगळ्यांची चालूच होती, हे इथे विसरून चालणार नाही.

आता शॉकची भीती. शॉक, म्हणजे ईसीटी, १९३८ साली रोममध्ये सुरू झाला. त्यात सुमारे ८०० मिलीअँपिअरच्या स्पंदनांनी मुद्दाम झटका, म्हणजे फीट, आणली जाते. तीव्र उदासीनतेत आणि काही जीवघेण्या अवस्थांत तो आजही मोलाचा उपचार आहे, आणि भूल व स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय तो देण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे. टीडीसीएसचा प्रवाह त्याच्या चारशेव्या भागाइतका. त्यात फीट आणायची नसते, रुग्ण पूर्ण जागा असतो, खुर्चीत बसून गप्पा मारतो. इलेक्ट्रोडखाली मुंग्या येतात, खाज सुटते, कातडी थोडी लाल होते, क्वचित भाजल्यासारखं होतं. टीएमएसमध्ये यंत्राचा टकटक आवाज मोठा येतो म्हणून कानात बोळे घालतात. डोकं दुखू शकतं, आणि अगदी क्वचित फीट येऊ शकते. म्हणून पूर्वी फिट्स आलेल्यांना, डोक्यात धातूचा तुकडा किंवा क्लिप असलेल्यांना, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट किंवा हृदयाचा पेसमेकर असलेल्यांना तो उपचार एकतर देत नाहीत किंवा फार जपून देतात.

हा उपचार शिकायला लिआँला जायला नको. कोल्हापूरवरून जाणारा पुणे-बंगळूर महामार्ग धरून सहाशेएक किलोमीटर गेलं, की बंगळूरला निम्हान्स ही देशातली अग्रगण्य मनोविकार संस्था लागते. तिथे डॉ. गणेशन वेंकटसुब्रमण्यम यांच्या चमूने औषधांना दाद न देणाऱ्या आवाजांवर टीडीसीएसचं काम वर्षानुवर्षं केलं आहे. २०१८ साली या चमूने पंचवीस रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. कुणाला खरा प्रवाह मिळतोय आणि कुणाला खोटा, हे रुग्णालाही ठाऊक नव्हतं आणि मोजणाऱ्यालाही. खऱ्या प्रवाहाने आवाज जास्त उतरले. त्याच वर्षी वेंकटसुब्रमण्यम यांना वैद्यकशास्त्रातला शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. रांचीच्या केंद्रीय मनोचिकित्सा संस्थेनेही टीएमएसची चाचणी २००९ मध्येच प्रसिद्ध केली होती. म्हणजे हा विषय परदेशातून आलेली बातमी राहिलेला नाही, आपल्या शेजारच्या राज्यातल्या दवाखान्यात तो रोज घडतो आहे.

पण त्याच २०१८ साली नेदरलँड्समधून उलट निकाल आला. चौपन्न रुग्णांच्या चाचणीत खऱ्या आणि खोट्या टीडीसीएसमध्ये फरक दिसला नाही. दोन्ही गटांत थोडी सुधारणा झाली. टीएमएसच्या चाचण्यांचंही असंच आहे, काही अनुकूल, काही प्रतिकूल. 'खोटा उपचार' म्हणजे काय, हे वाचकाने नीट समजून घ्यावं. इलेक्ट्रोड तसेच लावतात, सुरुवातीला थोडा वेळ प्रवाह सोडतात म्हणजे मुंग्या येतात, आणि मग तो गुपचूप बंद करतात. तरीही माणसाला बरं वाटतं. कारण रोज कुणीतरी वेळ देऊन बसवतं, त्रासाबद्दल विचारतं, काळजी घेतं, आणि एरवी कुणाला न सांगितलेले आवाज तो पहिल्यांदा मोजून सांगतो. वारीहून आल्यावर चार दिवस बरं वाटतं, त्यातही याचा वाटा असतोच. यंत्राचा स्वतःचा परिणाम किती, हे वेगळं काढण्यासाठीच खोट्या प्रवाहाची तुलना लागते. आजवरचा हिशोब मांडला, तर परिणाम आहे, सरासरीने मध्यम आहे आणि माणसागणिक फार बदलतो, असंच म्हणावं लागतं. कुणाचे आवाज थांबतात. कुणाचे लांबून आल्यासारखे होतात आणि त्यांचा जोर ओसरतो. कुणाला काहीच फरक पडत नाही.

आता या पुस्तकाचा गाभा : आजाराची सुरुवात. वर सांगितलेल्या बहुतेक चाचण्या वर्षानुवर्षं आवाज ऐकत आलेल्या, अनेक औषधं घेऊन झालेल्या रुग्णांवर झाल्या आहेत. नुकत्याच आजारी पडलेल्या तरुणांवर झालेलं काम त्या मानाने थोडं आहे. तरीही तज्ज्ञांचं लक्ष तिकडे वळतं आहे आणि त्याला कारण आहे. आवाज जितके जुने, तितके ते माणसाच्या दिनक्रमात आणि समजुतींत रुजतात. विशीतला मेंदू अजून घडण बदलू शकतो, आणि शिक्षण, नोकरी, मैत्री ही सगळी मांडणी याच वयात व्हायची असते. १९९२ साली मेलबर्नमध्ये पॅट्रिक मॅगॉरी यांनी नवख्या रुग्णांसाठी वेगळं केंद्र सुरू केलं ते याच विचाराने, आणि तो विचार आज जगभर मान्य झाला आहे. चेन्नईच्या स्कार्फ संस्थेनेही पहिल्या आजारपणाच्या रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून भारतीय चित्र उभं केलं आहे.

पण नेमकी याच टप्प्यावर औषधंही सगळ्यात चांगली लागू पडतात. पहिल्याच आजारपणात वेळेवर आणि सलग औषध घेणाऱ्या रुग्णांपैकी वर्षभरानंतर आवाज उरतात ते आठ टक्क्यांच्या आसपास लोकांना, असं २०१२ मधल्या एका मोठ्या आढाव्यात नोंदलेलं आहे. म्हणजे नव्या आजारात विजेच्या उपचाराची गरज लागणारे थोडे. गोळी वेळेवर सुरू झाली आणि न चुकता घेतली, तर बहुतेकांना यंत्राजवळ जावंच लागत नाही. पुरेशा मात्रेत आणि पुरेसे आठवडे दिलेली दोन औषधं लागू पडली नाहीत, तर क्लोझापिनचा विचार व्हायला हवा. पांढऱ्या पेशींची नियमित तपासणी करावी लागते म्हणून ते टाळलं जातं, पण हट्टी आजारावर त्याच्या तोडीचं औषध नाही. यंत्राची जागा या पायऱ्यांच्या बाजूला आहे. औषध चालू असूनही आवाज छळत असतील, औषध वाढवलं तर त्याचे दुष्परिणाम सोसवत नसतील, तेव्हा जोडीचा उपचार म्हणून त्याचा विचार करावा. गोळ्या बंद करण्याची सबब म्हणून कधीही करू नये.

कोल्हापूरपुरता अंदाज बांधू. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांमध्ये स्किझोफ्रेनिया आणि तत्सम आजारांचं चालू प्रमाण ०.४ टक्क्यांच्या आसपास आढळलं, आणि अशा दर चार रुग्णांपैकी तिघांना उपचार मिळत नव्हते. ते सर्वेक्षण बारा राज्यांत झालं. महाराष्ट्र त्यांत नव्हता. तरी तेच प्रमाण धरलं, तर २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ३८ लाख ७६ हजार लोकवस्तीच्या या जिल्ह्यात दहा-अकरा हजार प्रौढ माणसं या आजारांशी झगडत असावीत. त्यांच्यासाठी पहिलं दार बंगळूरचं नाही. कोल्हापुरातल्या सीपीआर रुग्णालयाचा मनोविकार विभाग, खासगी मनोविकारतज्ज्ञ, जवळचं सरकारी रुग्णालय, किंवा नुसता फोन : १४४१६, म्हणजे ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली टेलीमानस ही मोफत सेवा. मराठीत बोलता येतं. शाहूवाडीच्या वाडीवरून किंवा इचलकरंजीच्या मागावरूनही तो नंबर लागतो.

देवाधर्माबद्दलही स्पष्ट लिहायला हवं. नृसिंहवाडीला जाणाऱ्या घराची टिंगल करणारं हे पुस्तक नाही. गुजरातमधल्या मीरा दातार दर्ग्याच्या आवारातच मनोविकारतज्ज्ञ बसवून दुवा आणि दवा एकत्र देण्याचा प्रयोग झाला आहे, आणि त्यातून अनेकजण उपचारापर्यंत पोचले. नवस करा, अभिषेक करा. पण त्याच आठवड्यात डॉक्टरकडेही जा. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणं, मारहाण करणं, चटके देणं हा मात्र महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि मार खाल्लेला रुग्ण पुढे डॉक्टरवरही विश्वास ठेवत नाही.

मराठी समाजात हा आजार घराबाहेर बोलण्याचा विषय झाला तो मुख्यतः कुटुंबीयांमुळे. कॅनडातल्या कॅलगरी इथे प्राध्यापक असलेले धुळ्याचे डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या स्किझोफ्रेनियाचा अनुभव लपवला नाही. त्यांच्या पुढाकाराने पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २००४ मधल्या 'देवराई' या चित्रपटामागेही त्यांचं पाठबळ होतं. अतुल कुलकर्णींनी साकारलेला शेष पाहून कितीतरी घरांनी आपल्या माणसाचा आजार ओळखला. यंत्राबद्दलच्या माहितीचंही असंच व्हायला हवं. ती जाहिरातीच्या फलकावरून न येता रुग्णांच्या घरांमधून आणि त्यांनी विचारलेल्या प्रश्नांमधून यावी.

ते प्रश्न कोणते, हे पुढच्या प्रकरणांत सविस्तर येईल. इथे थोडक्यात सांगतो. निदान पक्कं झालं आहे का? थायरॉइड, फिट्स, मेंदूची सूज, नशा ही दुसरी कारणं तपासली का? औषधं पुरेशा मात्रेत, पुरेसा काळ आणि न चुकता घेतली गेली का? उपचाराआधी आणि नंतर आवाजांची तीव्रता कुठल्या मोजपट्टीवर मोजणार? किती बैठका, एकूण खर्च किती, फरक पडला नाही तर केव्हा थांबणार? इलेक्ट्रोड कोण लावणार, आणि देखरेखीला मनोविकारतज्ज्ञ असणार का? उत्तर म्हणून नुसती हमी मिळाली तर उठून यावं. घरी बॅटरी आणि स्पंज जोडून स्वतःच करून पाहण्याचे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या वाटेला कुणी जाऊ नये. प्रवाह, जागा आणि वेळ यांतली छोटी चूकही कातडी भाजते आणि आजाराचं निदान मागे पडतं.

पुस्तक तीन प्रकारच्या वाचकांसाठी लिहिलं आहे : रुग्णाचे आईवडील आणि भावंडं, गावातले डॉक्टर व आशाताई, आणि उपचाराने सावरून आता स्वतःच्या आजाराबद्दल समजून घेऊ पाहणारे तरुण. घाई असेल त्यांनी यंत्रावरची प्रकरणं नंतर वाचावीत आणि पहिल्या लक्षणांचं प्रकरण आधी. दोन मिलीअँपिअरने काय साधतं याचा शोध चालू राहील, चाचण्या होतील, आकडे बदलतील. आवाज सुरू झाल्यापासून पहिल्या गोळीपर्यंत जाणारे महिने कमी करणं मात्र आजच, कुठल्याही यंत्राविना, प्रत्येक घराच्या हातात आहे. त्या महिन्यांतला एक जरी कोल्हापुरातल्या एखाद्या घराचा वाचला, तर हे पुस्तक लिहिल्याचं सार्थक झालं.